सांदवाडीतली वयनी

“मले काय धाड भरली?”

हे म्हणताना ती उजवा हात असा फटकन हवेत उडवायची, की आपणच काहीतरी मूर्खासारखं विचारलं असं समोरच्याला वाटावं. अंगात ताप असो, पायात बाभळीचा काटा मोडलेला असो, नाहीतर पायानं दाबायच्या ढेकीवर भात कांडून पोटऱ्या भरून आलेल्या असोत, उत्तर हेच आणि हाताचा झटकारा हाच. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल. दुसऱ्याला शिंक आली की काढा घेऊन धावणारी आणि स्वतःच्या दुखण्याला दारातही उभं न करणारी.

या धाड न भरलेल्या बाईला आतड्याचा कॅन्सर झाला आणि तिशी ओलांडता ओलांडता ती गेली. शेवटचं दीडेक वर्ष ती आमच्या डोळ्यांदेखत झिजत होती, आणि आम्ही सगळ्या बाया समजत होतो की ती बाहेर बसली आहे. अजून आठवलं की जीव चरफडतो माझा. म्हणून लिहायला बसले.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा मुलूख चांद्यातच. कुरखेड्याच्या पलीकडे एका गावात मुलींना शिकवायला मला पाठवलं. मी वर्ध्याकडची, वयानं पोरगेली. आई अशी रडली की जणू मला काळ्या पाण्यावर धाडताहेत. वडशापर्यंत आगगाडी, पुढे मोटर चालू असली तर मोटर, नाहीतर बैलगाडी. मी बैलगाडीतून उतरले तेव्हा माझ्या एका हातात ट्रंक होती, दुसऱ्यात छत्री आणि पायात नव्या चपला. माझी राहायची सोय केलेल्या घराच्या दारात एक सावळी, काटक बाई उभी होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“बाई, तुमाले शिकवाले पाठवलं का हवा खावाले?”

मी गोरीमोरी झाले. तोवर तिनं ट्रंक उचलून आत नेलीसुद्धा, आणि गरम पेजेचं भांडं माझ्यापुढे आणून ठेवलं. त्या घराच्या पुढच्या खोलीत मी राहू लागले. सारं गाव तिला वयनी म्हणायचं, मीही म्हणू लागले. घरात तिचा नवरा, त्याला मी भाऊ म्हणायची. तिची सासू, तिला मी आजी म्हणायची. आणि सुमी, चार वर्षांची मुलगी. एवढीच माणसं.

वयनीची जीभ भारी तिखट, पण चटका बसायचा नाही, हसू यायचं. आमचे हेडमास्तर धोतर वर धरून चिखलातून पाय उचलत चालायचे. त्यांना तिनं नाव ठेवलं होतं बगळेगुरुजी. कोणाच्याही दारात शिरण्याआधी खोकणारा जंगलखात्याचा गार्ड होता, तो खोकलाभाऊ. माझंही नाव तिनं काहीतरी ठेवलं असणारच, पण ते मला शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. मेल्या सगळ्या तिला सामील!

रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत तिला पाहावं. भाताच्या बांधीत गुडघाभर चिखल, वरून पाण्याची रिपरिप, भाऊ कडेच्या धुऱ्यावरून पऱ्ह्यांच्या, भाताच्या रोपांच्या, पेंढ्या फेकतोय आणि वाकलेल्या बायांच्या रांगेत वयनी सगळ्यांच्या पुढे. मधेच ती लुगडं वर धरून बगळेगुरुजींची चाल करून दाखवायची आणि बाया हसून हसून चिखलात बसायच्या. एका रविवारी मीही हौसेनं उतरले. घटकाभरानं मान वर करून तिच्याकडे कौतुकाच्या आशेनं पाहिलं.

“हे रांग हाये का साप चाल्ला?” ती म्हणाली, आणि मी लावलेलं सगळं उपटून तिनं मला पुन्हा लावायला दिलं. चौथीच्या मुलींना मी जेवढं रागावत नसे, तेवढी ती मला रागावली.

आता सासूचं सांगते. म्हातारी वाईट नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्ही तिला शिव्या द्याल. अंगानं वाळकी, ताठ, शिस्तीची. तिच्या सासूनं तिला जे लावून दिलं तेच तिनं सुनेला लावून दिलं. त्यात पहिली गोष्ट विटाळाची. घराच्या मागे सांदवाडी होती, म्हणजे आपण परसदार म्हणतो ते. तिथं गोठ्याला लागून एक पडवी. सून बाहेरची झाली की चार दिवस तिथं. एक खाट, एक मडकं, एक वेगळी थाळी. चुलीला शिवायचं नाही, विहिरीवर जायचं नाही, खळ्यावर पाऊल टाकायचं नाही, बियाण्यावर सावली पाडायची नाही. चिखलात दिवसभर राबायला मात्र विटाळ आडवा येत नसे. ही सोय कोणी लावली ते देव जाणे!

पण वयनी तिथं बसून काही दुःख करत नसे. उलट सांदवाडीतून ती घर चालवायची. नुसत्या नाकानं आणि तोंडानं.

“दूध उतू चाल्लं वो!” ती पडवीतून ओरडायची.

“मले दिसते!” आतून म्हातारी.

“दिसते तं उतरवा न मंग!”

चर्र आवाज यायचा. दूध उतू गेलेलं असायचं. म्हातारी पुटपुटत राख घालायची आणि वयनी खाटेवर पडून पदरात तोंड खुपसून हसायची. “बाई,” मला ती म्हणाली होती एकदा, “चार दिवस म्हंजे माहं माहेरपण हाये. आयतं ताट येते. आनखीन काय पायजे?”

सुमीचं मात्र अडायचं. आईला शिवायचं नाही म्हणजे काय, हे त्या पोरीला कळत नसे. मग म्हातारीनंच तोड काढली होती. विटाळ लेकराच्या अंगाला लागत नाही, कपड्याला लागतो. म्हणून सुमी पडवीच्या कडेला यायची, झगा काढून दगडावर ठेवायची आणि नागडी धावत जाऊन आईच्या कुशीत शिरायची. पौषाच्या थंडीत दात कडकड वाजायचे पोरीचे. वयनी तिला पदरात गुंडाळून म्हणायची, “आली का माही बेडकी?” परत जाताना म्हातारी पोरीच्या डोक्यावर पाणी शिंपडायची आणि झगा घालायची. मी हे पाहून हसत असे. आता हसू येत नाही.

माझ्या तिथल्या दुसऱ्या पावसाळ्यात वयनीचं बाहेर बसणं वाढलं. चार दिवस संपून ती न्हाऊन घरात यायची आणि आठवडा होतो न होतो तोच पुन्हा पडवीत. बाया चेष्टा करू लागल्या. “वयनीचा महिना पंधरा दिसाचा झाला व!” कोणी म्हणे, “कामाले कंटाळली.” वयनी हात उडवायची. “तुमचं काऊन पोट दुखून राह्यलं? तुमीबी या न बसाले, खाट मोठी हाये.” सगळ्या हसायच्या.

सासू आधी चिडली. मग घाबरली. हेही खरं सांगायला हवं. ती स्वतः रानात जाऊन कसली कसली साल काढून आणायची, उकळायची आणि पडवीच्या कडेला भांडं ठेवून दूर सरायची. “पी. पूर्न पी.” अंगावरून जाण्यावर जी जी म्हणून औषधं त्या मुलखात होती, ती सगळी तिनं सुनेला पाजली. एका गावच्या वैदूनं कंबरेला मुळी बांधली. दुसऱ्यानं आंबट बंद करायला सांगितलं. बिचारी वयनी अंबाडीच्या भाजीसाठी जीव टाकायची, तीही गेली.

शेवटी भाऊनं गाडी जुंपून तिला ब्रह्मपुरीला डॉक्टरकडे नेलं. परत आल्यावर मी विचारलं, “काय म्हणाले डॉक्टर?”

“मले काय ठाव?” वयनी म्हणाली. “मी पदर घेऊन बसली होती. हे बोलले.”

भाऊ बोलला होता, “हिच्या अंगावरून जाते.” त्या काळी बाईमाणसाचं दुखणं नवऱ्यानंच सांगायचं. डॉक्टरनं ऐकलं, नाडी पाहिली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, रक्त कमी आहे म्हणाला आणि अंगावरून जाण्याचं औषध दिलं. त्यानं तरी आणखी काय करावं? जे कानावर आलं त्याचं औषध त्यानं दिलं.

ती वाळत चालली. पुढच्या वर्षीच्या रोवणीत ती रांगेच्या पुढे नसायची, मधे कुठेतरी असायची. जेवण अर्धं टाकायची. पहाटे बाया घोळक्यानं लोटा घेऊन नाल्याकडे जायच्या. गावगप्पांची तीच तर वेळ. वयनी त्यांच्याबरोबर जाईनाशी झाली. सगळ्या परत आल्या की एकटीच निघायची आणि बराच वेळ यायची नाही. “कुठी गेलती?” म्हातारी विचारायची. “नाल्यात मासे मोजत होती,” वयनी म्हणायची.

धान निघायचे दिवस होते. घरचे सगळे खळ्यावर. मला ताप आला होता म्हणून मी शाळेत गेले नव्हते. वयनी सांदवाडीतच. दुपारी मी पडवीपासून हातभर अंतरावर उन्हात बसले आणि दोघी मिळून पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलू लागलो. ती बराच वेळ गप्प होती. वयनी आणि गप्प! मला ते कसंतरीच वाटलं.

“बाई, तुमी शिकलेल्या हा. एक इचारू?”

“विचार ना.”

“हासान तं नाई?”

“नाही हसणार.”

तिनं हातातली शेंग सोलून दाणे टोपलीत टाकले. मग खाली पाहतच म्हणाली, “हे रगत समोरचं नोहे, बाई. मांगचं हाये. परसाकडचं.”

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा माझी कानशिलं तापली. मी काही नवरा-लेकरं असलेली बाई नव्हते, असलं बोलणं मी कधी कोणाशी केलेलं नव्हतं.

“केव्हापासून?”

“मांगच्या सालच्या आखाडीपासून. रोवण्यातून आली, लुगड्याले डाग होता. मले वाटलं काई टोचलं असन. तेवढ्यात बुढीनं पायलं. म्हनली, बाहेरची झाली, चाल सांदवाडीत. मी गेली अन् बसली.”

“अगं पण तू सांगायचं ना, की हे ते नाही!”

“कोनाले?” तिनं पहिल्यांदाच वर पाहिलं. “बाहेरची म्हटलं तं ताट तरी येते, बाई. हे म्हटलं तं सारं गाव हासन. रोवण्यात मीच नकला करतो, मले ठाव नाई का लोक कशाले हासतात ते? मंग म्हटलं, बुढी म्हनते तं तेच राहू द्या. दोन-चार दिसानं आपोआप थांबन. थांबलंच नाई.”

मला तिचा राग आला. हो, रागच. दया वगैरे नंतर. एवढी तोंडाळ बाई, जंगलखात्याच्या गार्डाला तोंडावर खोकलाभाऊ म्हणणारी, आणि स्वतःच्या जिवाची एवढी एक गोष्ट तिच्या तोंडून निघू नये? मी तिला वाटेल ते बोलले. ती ऐकत राहिली. माझं बोलून संपल्यावर तिनं हात उचलला. मला वाटलं, आता तेच म्हणणार, मले काय धाड भरली. पण हात हवेत उडाला नाही. तिनं तो पोटावर ठेवला.

“इथी दुखते, बाई,” ती म्हणाली. “लय दुखते.”

त्याच संध्याकाळी मी भाऊला गोठ्यात गाठलं. तो बैलाला वैरण घालत होता. एका बिनलग्नाच्या मास्तरीणबाईनं परक्या पुरुषाला हे कसं सांगायचं? मी भिंतीकडे तोंड करून सांगितलं. त्यानं बैलाकडे तोंड करून ऐकलं. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. सांगून झालं तरी तो बैलाच्या मानेवरून हात फिरवतच राहिला. मग म्हणाला, “नागपूरले नेतो.” म्हातारीला हे सांगायची हिंमत ना त्याला झाली ना मला. पोटात गाठ असेल, दाखवून येतो, एवढंच सांगून तो निघाला. नाताळच्या सुट्ट्या होत्या म्हणून मीही बरोबर गेले.

वयनी आगगाडीत पहिल्यांदाच बसत होती. वडशाला ती इंजिनाकडे टक लावून पाहत राहिली आणि म्हणाली, “हे तं बुढीपरीस मोठ्यानं वरडते.” नागभीडला गाडी बदलली तेव्हा तिला चालवत नव्हतं, तरी खिडकी तिलाच हवी.

नागपूरच्या दवाखान्यात तिला तपासलं. तपासायला हवं होतं तसं, पहिल्यांदाच. तपासून बाहेर आलेला डॉक्टर भाऊशी न बोलता माझ्याशी बोलला, मी शिकलेली दिसले म्हणून. आतड्याच्या शेवटच्या टोकाला कॅन्सर आहे. काळजापर्यंत, म्हणजे यकृतापर्यंत पसरला आहे. आता कापून उपयोग नाही. त्यानं वय विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, “म्हाताऱ्या माणसांत पाहतो आम्ही हे. या वयाच्या बाईत कोणाच्या मनात यायचं नाही.” मग म्हणाला, “रक्त जायला लागलं तेव्हाच आणली असती तर काही करता आलं असतं.” असती तर! हे दोन शब्द मी जन्मभर वागवते आहे.

वॉर्डात मात्र वयनी खुशीत होती. तिच्या दोन्ही बाजूंना बायकांच्या खाटा, एकीचा हात दुसरीच्या खाटेवर. नर्स तिला काखेत धरून चालवायची, अंग पुसून द्यायची. “बाई,” ती मला हळूच म्हणाली, “इथी रगत पायलं तरी कोनी दूर बस म्हनत नाई व.” मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले.

तिला काय झालं आहे ते भाऊनं तिला सांगितलं नाही, मीही नाही. पण तिला कळलं असावं. परतीच्या गाडीत तिनं एकदाच विचारलं, “सुमी साळेत कवा बसन, बाई?” पुढच्या वर्षी, मी म्हटलं. “मंग तुमच्याच साळेत घ्या. अन् तिले लय माराचं नाई. हासवाचं.”

घरी आल्यावर म्हातारीला तेवढंच कळलं जेवढं आधी सांगितलं होतं. पोटात गाठ. गाठ म्हणजे पिशवीची, असं तिनं धरलं, आणि रक्त दिसलं की खाट पडवीत. मी एकदा बोलायला तोंड उघडलं तर वयनीनंच मान हलवून मला गप्प केलं. “राहू द्या. इथी उन्ह चांगलं येते.” सुमी झगा काढून यायची. आईला आता तिचं वजन पोटावर सोसत नसे, म्हणून ती पायाशी बसायची.

चैत्र लागला, मोहाची फुलं पडायला लागली. सकाळी बाया टोपल्या घेऊन रानात गेल्या होत्या आणि सांदवाडीत, उन्हं अंगावर येत असताना, वयनी गेली. भाऊ जवळ होता. त्यानं आईला हाक मारली नाही, नुसता उठून उभा राहिला. म्हातारीनं ते पाहिलं आणि समजली.

रानातून बाया आल्या. टोपल्या अंगणात ठेवून सांदवाडीच्या तोंडाशी थबकल्या. सवाष्ण गेली होती. न्हाऊ घालायचं, हळद लावायची, मळवट भरायचा, ओटी भरायची, हे सगळं त्यांना माहीत होतं. एकीच्या हातात कुंकवाची कोयरीही होती. पण खाटेवरच्या पांघरुणाला रक्त लागलेलं होतं आणि कोणी पुढे होईना. विटाळात गेलेल्या बाईला तिथं हळद लावत नाहीत, ओटी भरत नाहीत. तशीच गुंडाळून नेतात. मागे राहिलेल्यांना त्याचा दोष लागतो म्हणतात.

“बाहेरची हाये ते,” म्हातारी म्हणाली. तिचा आवाज रोजच्यासारखा करडा नव्हता, फुटत होता. “हळद नाई लागाची तिले. काय करू मी?”

तेव्हा माझा संयम सुटला. मी सगळ्यांच्या पुढे झाले आणि ओरडले. शाळेत ओरडते तशी.

“बाहेरची नाहीये ती! हे रक्त ते नाही. परसाकडच्या जागेतून जाणारं रक्त आहे. आतड्याचा रोग होता तिला. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं. विचारा भाऊला!”

अंगणात पुरुष होते, बगळेगुरुजी होते. त्यांनी माना खाली घातल्या. भाऊ मान हलवून हो म्हणाला.

म्हातारी माझ्याजवळ आली. “कवापासून?”

“पहिल्यापासून. मागच्याच्या मागच्या आखाडीला तुम्ही लुगड्यावर डाग पाहिलात ना, तेव्हापासून.”

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. त्या दीड वर्षातला एक एक दिवस तिच्या डोळ्यांपुढून जात असावा. साल उकळून दूर ठेवलेली भांडी, पौषातली पडवी, सगळंच. “म्हंजे मीच म्हनलं,” ती म्हणाली. “ते काईच नाई बोलली. मीच म्हनलं, बाहेरची झाली.” मग ती वळली, खाटेशी गेली, आणि सुनेच्या गालावर हात ठेवून तिला विचारू लागली, “मले काऊन नाई सांगतलं, माय? काऊन नाई सांगतलं?”

पाणी तिनंच तापवलं. न्हाऊही तिनंच घातलं, कोणाला हात लावू दिला नाही. हळद, मळवट, हिरवं लुगडं, ओटी, सगळं केलं. बाया एकेक करून पुढे आल्या. वयनी अशी नटून निघाली जशी ती जिवंतपणी कधी नटली नव्हती.

इथं मी थांबले असते. पण म्हातारीचं पुढचं सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

तेराव्यानंतर ती विहिरीवर गेली आणि पाणी भरणाऱ्या प्रत्येक सुनेला विचारू लागली, “तुले परसाकडं रगत जाते का व?” पोरी घागरी टाकून पळाल्या. ती थांबली नाही. रोवणीच्या बांधीत धुऱ्यावर उभी राहून विचारायची. बाजारात बांगड्या भरणाऱ्या बायांना विचारायची. कोणाकडे तरी हळदीकुंकवाला पाटलीणबाईंना विचारलं, भर सभेत! ज्या शब्दाला वयनी भ्यायली, तो शब्द ती चावडीसमोर, गड्यामाणसांच्या देखत, खणखणीत आवाजात म्हणायची. लोक हसले. म्हातारीचं डोकं फिरलं म्हणाले. पोरं तिच्या मागे तिची नक्कल करत फिरायची. म्हातारी नुसती उभी राहायची, हसणं संपू द्यायची आणि पुन्हा विचारायची.

कुंभारआळीतली एक सून एका दुपारी हो म्हणाली. रडत रडत म्हणाली. म्हातारीनं त्याच दिवशी गाडी जुंपायला लावली, तिच्याबरोबर स्वतः बसली, ब्रह्मपुरीच्या डॉक्टरसमोर तिच्या नवऱ्याला बाजूला सारून स्वतः बोलली, आणि सगळं तपासल्याशिवाय तिथून हलली नाही. साधी मूळव्याध निघाली. परत आल्यावर म्हातारीनं घरोघर साखर वाटली. सुनेची मूळव्याध साजरी करणारी बाई मी उभ्या जन्मात तेवढीच पाहिली. तो दिवस सोडला तर मी तिला हसताना पाहिलं नाही.

सुमी शाळेत आली, माझ्या हाताखाली दोन वर्षं शिकली. मग माझी बदली झाली. निघायच्या दिवशी गाडी दारात उभी, हेडमास्तर निरोप द्यायला आलेले, गावातल्या मुली चिंचेच्या झाडाखाली रडताहेत, गाडीवान बैलांना पाणी दाखवतोय. म्हातारी पोह्यांचं गाठोडं घेऊन आली. ते माझ्या मांडीवर ठेवलं आणि गाडीचा दांडा धरून उभी राहिली.

“बाई,” ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांच्या देखत, “तुमाले तं नाई न जात रगत?”

हेडमास्तर दुसरीकडे पाहू लागले. मुलींचं रडणं थांबलं. मला लाज वाटली नाही, खरं सांगते, एवढीसुद्धा नाही.

“नाही, आजी.”

“खरं सांगता न?”

“खरं सांगते.”

“गेलं तं सांगान?”

“सांगेन.”

“कोनाले सांगान?”

खरंच, कोणाला सांगणार होते मी? ती दांडा धरून उभीच होती. गाडीवानानं कासरा उचलला तरी तिनं हात काढला नाही.

“आईला सांगेन,” मी म्हणाले.

तिनं मान डोलावली. मग दांडा सोडून बाजूला झाली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, “हो. मायले सांगाचं. मायनं इचारलं नाई तरी सांगाचं.”